दोन रिकाम्या वाट्या

आमच्या घरात हळू बोलायची सोय नव्हती. भिवंडीजवळच्या शेलार गावातल्या आमच्या घराची मागची भिंत आणि लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेडची पुढची भिंत एकच होती. बाबांनी भाताचं खाचर बुजवून ती शेड बांधली आणि भाड्याने दिली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. त्यामुळे अंगाईसुद्धा मी त्या खटखटीच्या ठेक्यावरच ऐकलेली. सकाळची शिफ्ट सुरू झाली की मांडणीवरची भांडी बारीक थरथरायची आणि 'मीठ दे' एवढं म्हणायलाही आई बेंबीच्या देठापासून ओरडायची. नव्या पाहुण्याला वाटायचं, ह्या घरात सदा भांडणं चालतात. भारनियमनात वीज गेली की सगळे लूम एकदम थांबत. मग घर असं गप्प व्हायचं की आमचे चढलेले आवाज आमच्याच कानांना लागत आणि आम्ही एकमेकांकडे बघून ओशाळायचो. लग्नानंतर पहिले सहा महिने माझ्या सासूबाई मला 'अगं, मी बहिरी नाही' म्हणून टोकत होत्या. अजूनही दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना माझा आवाज चढतो आणि बाई बिचारी दोन पावलं मागे सरकते.

दादूसचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं लग्न झालं आणि पडघ्याची वैशाली वहिनी म्हणून आमच्या घरात आली. येताना तिने शिलाई मशीन आणलं आणि चुरुचुरु बोलणारी जीभ आणली. पहिल्याच आठवड्यात ती माझ्या आईला म्हणाली, "आई, तुमच्या घरात नवरा-बायकोनं भांडायचं कसं? सगळ्या गल्लीला समजल." आईला हसू आवरेना. वहिनीला आमच्या लूमची सवय व्हायला वर्ष लागलं. तोवर ती माझ्याशी हातवाऱ्यांनी बोलायची. मी तेव्हा नववीत होते, म्हणून मला 'मास्तरीन' म्हणायची. तिने मला मशीनवर सरळ टीप मारायला शिकवलं, गळ्याला पट्टी लावायला शिकवलं, आणि चुकलं की कापडच डोक्यात घालायची. तव्यावर सुकट भाजली की तांदळाची भाकरी हातात घेऊन चुलीपाशीच उकिडवी बसायची आणि जेवायला वाढायच्या आधी अर्धी फस्त करायची. मला ती फार आवडायची. हे मी तिला कधी सांगितलं नाही. आमच्यात असं कुणी सांगत नाही.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात वहिनीला दिवस गेले. बाबा आदल्या वर्षी गेले होते, घरात वर्षभर कुणी मोठ्याने हसलं नव्हतं, त्यामुळे ही बातमी आली तेव्हा आई देवापुढे जाऊन खूप वेळ बसली. 'हेच येतायत परत' असं तिने मनाशी पक्कंच केलं होतं. भिवंडीत एका डॉक्टरीणबाईंकडे नाव घातलं. बाईंनी कार्डावर सोनोग्राफीची तारीख लिहून दिली आणि मला, मी शिकलेली म्हणून, बजावलं, "ही तारीख चुकवायची नाही हं." मी घरी येऊन कॅलेंडरात पाहिलं तर ती तारीख पितृपक्षात येत होती, आणि नेमकी बाबांच्या तिथीची. आईने ऐकलं आणि दोन्ही हात कानांवर ठेवले. पितरांच्या पंधरवड्यात आम्ही नवं कापड आणत नाही, घराला खिळा ठोकत नाही. पोटातलं बाळ बघायला जायचं, तेही घरच्या माणसाचं पान वाढायच्या दिवशी, हे तिला ऐकवेना. "ह्यांना जेऊ घालू, मंग जाऊ," ती म्हणाली. वहिनीची तब्येत ठणठणीत होती, तेव्हा घाई कुणालाच वाटली नाही. पंधरवडा संपला तर नवरात्रातले आईचे उपास लागले, मग भात कापणीला आलं, मग दिवाळी. कार्डावरची तारीख रोज मला दिसत होती, कारण कार्ड माझ्याच दप्तरात होतं.

भाऊबीज झाल्यावर आम्ही गेलो. वहिनी, आई आणि कागद वाचायला मी. अंधाऱ्या खोलीत बाईंनी वहिनीच्या पोटावरून ते यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि मग त्या बोलायच्याच थांबल्या. आधी त्या सारख्या बोलत होत्या, म्हणून ते मला जाणवलं. त्यांनी वहिनीला बाहेर बाकावर बसायला सांगितलं, दार लोटलं आणि आईला विचारलं, "इतके दिवस कुठे होता तुम्ही?"

"पितरपाख होता, बाय. मंग सन आले," आई म्हणाली. तिला वाटलं, उशीर केला म्हणून रागावतायत.

बाईंनी स्टूल पुढे ओढलं. "बाळाच्या डोक्याची कवटी तयारच झालेली नाही. भुवयांच्या वर काही नाही. मेंदूची वाढ झालेली नाही."

"मंग औशद द्या," आई म्हणाली.

"याला औषध नाही, ऑपरेशन नाही. बाळ जन्माला येईल, पण जगणार नाही. काही मिनिटं, फार तर काही तास." मग त्या म्हणाल्या, "मी दिलेल्या तारखेला आला असतात तर हे बाळंतपण पुढे न्यायचं की नाही, ते तिला ठरवता आलं असतं. आता कायद्याने मुदत उलटून गेली आहे."

आईने माझं मनगट धरलं होतं. तिच्या बांगड्या माझ्या हातात रुतत होत्या. तिने बाईंच्या हातापाया पडून सांगितलं, तिला आज काही बोलू नका, मी माझ्या पद्धतीने सांगेन. बाईंना ते पटलं नाही. "लवकर सांगा आणि नवऱ्याला घेऊन या," त्या म्हणाल्या. बाहेर वहिनी बाकावर पाय हलवत बसली होती. "काय बोलली डॉक्टर?" तिने विचारलं. आई म्हणाली, "पोटात पानी जरा जास्त हाय. आराम कर बोलली." हे खोटं नव्हतं. बाईंनी पाणी जास्त असल्याचंही सांगितलं होतं. परतीच्या रिक्षात वहिनी आम्हा दोघींच्या मधे बसली आणि रस्ताभर खड्ड्यांना शिव्या घालत आली.

दादूस भिवंडीच्या गोदामांमधून कापडाच्या ताग्यांचा टेम्पो चालवायचा. आईने त्याला शेडमागे नेऊन सांगितलं. लूम चालू होते, मला शब्द ऐकू आले नाहीत, पण तो मटकन खाली बसला ते मी पाहिलं. थोड्या वेळाने मी पाणी घेऊन गेले तेव्हा तो ओरडून आईला म्हणत होता, "आता कायच होनार न्हाय ना? मंग तिला सांगून काय फायदा? दोन महिने तरी हसू दे तिला." आईने लगेच मान डोलावली. आज मी विचार करते तेव्हा वाटतं, दादूसने ते मायेपोटी म्हटलं होतं. आईच्या मनात मायाही होती आणि भीतीही. सांगायचं तर तारखेचंही सांगावं लागणार होतं. माझ्यापुरतं म्हणाल तर मला कुणी विचारलंच नाही. आई फक्त म्हणाली, "मंजे, तोंडातून ब्र काढलास तर बघ." रिपोर्टचं पाकीट पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी गेलं.

पुढचा महिना मी कसा काढला ते मलाच ठाऊक. वहिनीचं पोट भराभर वाढत होतं. पाण्यामुळे ते इतकं मोठं दिसायचं की गल्लीतल्या बायका 'जुळं हाय, पैज लावा' म्हणायच्या आणि वहिनी फुशारकीने साडी सारखी करायची. आई तिला इकडची काडी तिकडे करू देत नव्हती. तिला निवट्या, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या मासोळ्या, खाव्याशा वाटल्या तर आई स्वतः जाऊन घेऊन आली आणि कोकम घालून, हिरवी मिरची ठेचून कालवण केलं. वहिनी बोटं चाटत जेवली. आई समोर बसून तिच्याकडे बघत राहिली. आईचं ताट तसंच पडून होतं. वहिनीला काही कळत नव्हतं असं नाही, पण आई नजर लागायला भितेय, असंच तिला वाटत होतं. "आई, डिंक आनला का लाडवांना?" ती विचारायची. आई म्हणायची, आणू. "माळ्यावरचा पाळना कवा काढायचा?" आई म्हणायची, आधी काढू नये, वाईट असतं. टोपडी, दुपटी, बाळंतविडा, कशाचीच तयारी नाही, हे तिच्या लक्षात येत होतं. एकदा मशीनवर बसल्याबसल्या तिने माझा हात ओढून पोटावर ठेवला. "बघ, मास्तरीन, लाथ मारतंय." खरंच मारत होतं, अगदी जोरात. मी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. ती रागावली. "शी वाटतंय का तुला?" म्हणाली, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला रात्रंदिवस एकच कोडं पडलं होतं, मेंदूच नाही तर लाथ मारायला त्याला सांगतं कोण? शाळेत विज्ञानाच्या बाईंना विचारायचं धाडस झालं नाही.

सातवा लागला आणि पडघ्याहून वहिनीच्या आईचा निरोप आला, डोहाळजेवणाचा दिवस ठरवा. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागणार. आईने दिवस ठरवला. पडवीतल्या झोपाळ्याला झेंडूच्या माळा बांधल्या, वहिनीला हिरवी साडी, डोक्याला, कानांत, दंडात, कमरेला फुलांचे दागिने. गल्ली लोटली होती. वहिनीची आई पाच पक्वान्नांचे डबे घेऊन आली होती आणि माझ्या आईच्या गळ्यात पडून 'विहीनबाय, तुमी माज्या पोरीला फुलासारखी ठेवलीत' म्हणत रडली. माझी आईही रडली. बायकांना वाटलं, आनंदाने रडतायत. लूमच्या वरताण आवाज लावून बायका गात होत्या, एकेक ओटी भरत होती, आणि वहिनी झोपाळ्यावर अशी खुलून बसली होती की माझ्याने तिच्याकडे बघवेना. मी आतबाहेर करत कामं ओढवून घेत होते.

मग शेजारच्या नर्मदाकाकींनी हाक मारली. असल्या समारंभात सगळी सूत्रं काकींच्या हातात असत. "ए आत्याबाय! इकरं ये. दोन वाट्या भरून आन. एकीत पेढा, एकीत बर्फी, वर झाकन घाल. कुनाला सांगू नको कुटं काय हाय ते. आनि पाठ तयार ठेव, बारशाला धपाटे खायचेत तुला." सगळ्या हसल्या. आमच्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगते, आणि ती वाकली की बायका तिच्या पाठीत धपाधप मारतात. तिच्या मागे उभं राहायला मिळावं म्हणून बायका आधीपासून जागा धरतात. आणि वाट्यांचा खेळ असा, की डोहाळकरणीने एक वाटी उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी.

मी स्वयंपाकघरात गेले. दोन स्टीलच्या वाट्या पुसल्या. मिठाईचा खोका उघडला आणि पेढा हातात घेतला. बाहेर काकी ओरडत होत्या, लवकर आन गं. मी पेढा वाटीत ठेवला, उचलला, बर्फी ठेवली, तीही उचलली. काहीही ठेवलं तरी मी वहिनीला फसवणार होते. आई बाहेर होती, दादूस गाडीवर, आणि हे काम एकट्या माझ्या हाताने व्हायचं होतं. मी मुद्दाम केलं का, असं पुढे मला खूपदा विचारलं गेलं. मुद्दाम नव्हतं, आणि चुकूनही नव्हतं. माझा हात वाटीत जाईना एवढंच खरं. मी दोन्ही वाट्यांवर झाकणं घातली आणि ताट बाहेर नेलं.

वहिनीने डोळे मिटून, ओठांत काहीतरी पुटपुटून डावीकडची वाटी धरली. सगळ्या बायका पुढे वाकल्या. तिने झाकण काढलं. वाटी रिकामी. कुणालाच काही समजेना. काकींनी चटकन दुसरी उघडली. तीही रिकामी. पलीकडे लूम वाजत होते. मग काकींनीच कपाळावर हात मारला, "मेली, दोनी बी खाल्लास व्हय गं!" आणि सगळी पडवी हसण्याने भरून गेली. कुणी माझा गाल ओढला, कुणी म्हणालं, आत्या खादाड निघाली. आईने धावत जाऊन खोक्यातला पेढा आणला आणि वहिनीच्या तोंडात घातला. वहिनीने तो चावला नाही. गालात धरून ती माझ्याकडे बघत होती. तिला माहीत होतं, मला पेढा आवडत नाही.

बायका गेल्या, वहिनीची आईही लवकरच्या बसने पडघ्याला गेली. आई अंगणात भांडी गोळा करत होती. वहिनी मागच्या खोलीत, शेडच्या भिंतीला टेकून बसली होती, फुलं अजून अंगावर. तिने मला हाताने बोलावलं. "मंजू, वाट्या तू भरल्यास?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मंग?"

मी सांगितलं. पण इतक्या हळू सांगितलं की भिंतीपलीकडच्या खटखटीत ते विरून गेलं. "काय? मोट्यानं बोल," वहिनी म्हणाली. मी पुन्हा बोलले. तिने कानाशी हात नेला. जन्मभर मी ज्या घरात ओरडत आले होते त्याच घरात मला आवाज सापडत नव्हता. तिसऱ्या खेपेला मी ओरडले, "बाळाला डोकं न्हाय, वयनी! कवटीच झाली न्हाय! ते वाचनार न्हाय!" शेडच्या खिडकीतून एका कारागिराने वळून पाहिलं. आणि दारात आई उभी होती, हातात ताटांची चळत.

वहिनी रडली नाही. तिने डोक्यावरची फुलांची वेणी सोडली, मग कानांतली फुलं, दंडातली, कमरेची. एकेक काढून समोरच्या परातीत ठेवत गेली. दारात आई होती हे तिने न बघताच ओळखलं असावं. "कवापासून म्हाईत हाय तुमाला?"

"दिवाळीपासून," आई म्हणाली.

"आधी गेलो असतो तर?"

मी सांगितलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसंच्या तसं. तारखेचं, मुदतीचं, ठरवण्याचं. आई एवढंच म्हणाली, "ह्यांची तिथ होती गं, वैशू."

वहिनीने शेवटचा गजरा परातीत टाकला. "तुमचे पितर जेऊन गेले, आई. मना कोन इचारनार?"

आईच्या हातातली ताटं खाली गेली. त्यांचा आवाज लूममध्येही ऐकू आला. संध्याकाळी दादूस आल्यावर त्याच्याशी वहिनी एकच वाक्य बोलली, "माजं पोर होतं, आनि मीच हसं होऊन बसले झोपाल्यावर." त्या दिवसापासून तिने आमच्या हातचं ताट घेणं सोडलं. स्वतः वाढून घ्यायची, स्वतः जेवायची. माझ्याशी मात्र बोलायची. खरं तर माझ्यावर तिने सगळ्यात जास्त चिडायला हवं होतं. मीही महिनाभर तोंड शिवून बसले होते.

पुढे मी शिवणकामच धरलं. भिवंडीत माझं छोटं दुकान आहे, लग्नाचे ब्लाउज शिवते. मापं घेता घेता प्रत्येक नवरीला सांगते, बये, फॉलिक अॅसिडच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीपासूनच सुरू कर. पोरी लाजतात, 'मावशी, लग्न तरी होऊ दे' म्हणतात. पण बाळाच्या डोक्याचा हा भाग पहिल्या महिन्यातच मिटतो किंवा उघडा राहतो, बाईला दिवस गेल्याचं कळायच्याही आधी, हे मला फार उशिरा कळलं. गल्लीत नंतर कुणी ग्रहणाला दोष दिला, कुणी निवट्यांना, कुणी माझ्या रिकाम्या वाट्यांना. ह्यातल्या कशानेच काही झालं नव्हतं. पितृपक्षानेही बाळाचं काही बिघडवलं नाही. त्याने फक्त वहिनीच्या हातातला निर्णय काढून घेतला, आणि तो दोष आमचा. आईने तो शेवटपर्यंत दुसऱ्या कुणावर ढकलला नाही, एवढं मी तिच्या बाजूने सांगेन.

डोहाळजेवणानंतर चारच दिवसांनी वहिनी मला घेऊन दवाखान्यात गेली. "आता माज्या कानानं ऐकते," म्हणाली. बाईंनी तिला सगळं सांगितलं, चित्र काढून सांगितलं. वहिनीने डोळ्यांतलं पाणी पुसत पुसत एकेक प्रश्न विचारला.

"त्याला दुखतं का?"

"नाही. तसं समजण्याइतका मेंदूच नाही."

"आनि ऐकू येतं?"

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "येत नसावं. पण अगदी खात्रीने मी नाही सांगणार."

"मना हातात देनार का?"

"सहसा घरचेच नको म्हणतात. तुम्ही म्हणालात तर देऊ."

"मी बोलते ना," वहिनी म्हणाली. "द्या."

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण वहिनीने पडघ्याला जायला नकार दिला. बाईंच्याच हाताखाली व्हायचं असा तिचा हट्ट होता. घरी आल्यावर तिने मला मशीनवर बसवलं. "टोपडं शिव. आत्यानंच शिवायचं असतं. पुढून लांब ठेव, भुवया झाकल्या पायजेत. आनि आतून मऊ, टीप लागता कामा नये." मी घरात होतं त्या कोऱ्या मांजरपाटाचं शिवलं, ते कडक झालं. वहिनीने उसवून टाकलं. दुसरं शिवलं, तेही उसवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनपाशी गेले तर त्यावर घडी करून ठेवलेला लुगड्याचा तुकडा होता. आईचं जुनं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं लुगडं. बाबा असताना ती ते सणाला नेसायची. त्याचा पदर कापला होता. आई कुठे दिसली नाही. वहिनीने तुकडा हातात घेतला, गालाला लावला, आणि माझ्या पुढ्यात ठेवला. त्याचं टोपडं मी शिवलं. आजवर हजारो ब्लाउज शिवले असतील, पण तितकी बारीक टीप माझ्या हातून पुन्हा पडली नाही.

नववा लागायच्या आधीच, एका सकाळी, वहिनीचं पाणी गेलं. दादूसने टेम्पोतले तागे रस्त्यावर उतरवले आणि आम्ही सगळे त्याच टेम्पोतून दवाखान्यात गेलो. दुपारी बाळ झालं. मुलगी. रडली नाही, पण श्वास घेत होती. सिस्टरने तिला टोपडं घालून, दुपट्यात गुंडाळून वहिनीच्या कुशीत दिलं आणि मला आत बोलावलं, कारण वहिनी सारखी माझंच नाव घेत होती. मी घाबरत घाबरत पाहिलं. टोपड्याखाली सुजलेल्या पापण्यांचे मोठे डोळे, आणि नाक थेट दादूसचं. हातांची बोटं लांबसडक. एक बोट वहिनीच्या बोटाभोवती वळलं होतं. दादूस पायथ्याशी भिंतीकडे तोंड करून उभा होता. मग तोही वळला, जवळ आला, आणि तिच्या तळपायाला हात लावून हुंदके देऊन रडू लागला. आई मात्र दाराच्या बाहेरच राहिली. तिचं पातळ तेवढं मला दिसत होतं. श्वास कधी येत होता, कधी राहून जात होता. प्रत्येक वेळी राहिला की आम्ही सगळे तिच्या छातीकडे बघत थांबायचो, आणि तो पुन्हा यायचा.

"मंजू," वहिनी म्हणाली, "बारा दिवस हिच्याकं न्हायत. आताच नाव ठेव."

"कुठलं?"

"तू आत्या हायस. तू ठेव."

खरं सांगायचं तर नाव माझ्याकडे होतं. त्या महिनाभरात, मनाला कितीदा दटावूनही, मी ते ठरवून ठेवलं होतं. मी वाकले. टोपड्याची कड जराशी सारून तिचा कान मोकळा केला. तो अगदी पुरता, नीट घडलेला होता. त्या खोलीत लूम नव्हते, कसलाच आवाज नव्हता, आणि मला हळू बोलायचं होतं. मी तिच्या कानाशी 'कुर्र' केलं आणि सांगितलं, "सायली."

तिला ऐकू गेलं की नाही ते मला माहीत नाही. मी वर होणार इतक्यात वहिनी म्हणाली, "थांब. अशी कशी उठतेस?" तिने सलाईन लावलेला हात उचलला आणि माझ्या पाठीवर ठेवला. मारायला जोर नव्हता, नुसती बोटं आपटली. मग मला मागे पावलं ऐकू आली. पातळाचा ओळखीचा वास आला. मी वाकलेलीच होते, माझं तोंड सायलीच्या कानाशी होतं. आईने दात आवळून, बारशाला घालतात तसा, माझ्या पाठीत धपाटा घातला.